कलम तेवीस आणि माझं चुकलेलं मत

लोअर टॅनबरी, व्हरमाँट
७ मार्च १९९०

चि. क्लेटन यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? शेकतोस ना रोज, की जोआनने पाणी गरम करून दिल्यावर "मग बघू" म्हणतोस? तिला माझा नमस्कार सांग. माझे गुडघे काल सात तास लाकडी खुर्चीवर बसूनही शाबूत आहेत, आणि नसते तरी मी हे पत्र लिहिलंच असतं, कारण काल आपण जिंकलो. (आपण म्हणजे गाव. म्हणजे गावातले बेचाळीस जण.) सगळं पहिल्यापासून सांगते. तू समोर असतास तर मधेच तोडलं असतंस, म्हणून लिहिणंच बरं.

रोझिबेलबद्दल नाताळच्या पत्रात लिहिलं होतं. चर्चने ऑक्टोबरपासून माझ्या मागच्या खोलीत ठेवलेली, एल साल्वादोरच्या युद्धातून पळून आलेली. तिची आई तिकडे डोंगरातल्या गावात आहे. एका अंगाला सैन्य, दुसऱ्या अंगाला बंडखोर आणि मधे म्हातारी व तिच्या अकरा कोंबड्या. कोंबड्यांना सोडून ती हलत नाही. तिचं पत्र यायला सात आठवडे लागतात, त्यामुळे रोझिबेलला कळते ती सात आठवड्यांपूर्वीची आई. आजची आई आहे की नाही, हे तिला आज कळत नाही. रोज सकाळी ती बर्फातून टपालपेटीपर्यंत जाते आणि हात हलवत परत येते. मला ते बघवत नाही, क्लेटन. आणि त्या युद्धाला पैसा कोण पुरवतं? आपलंच सरकार. ज्यांचा पैसा त्यांनीच "आता पुरे" म्हणायला हवं, हे कळायला कॉलेजात जायला लागत नाही. म्हणून मी ठरवलं, यंदा गावसभेपुढे ठराव आणायचा: आपल्या खासदारांनी तिथे युद्धबंदीसाठी जोर लावावा आणि शस्त्रांचा पैसा थांबवावा.

त्याला एकतीस सह्या लागत होत्या. मी सलग तीन शनिवार गावाच्या कचरा टाकण्याच्या जागेवर उभी राहिले, कारण चर्चला न येणारा माणूससुद्धा कचरा टाकायला येतोच. मर्टन कॉबनेही सही केली. त्याला वाटलं अर्ज कुत्र्यांच्या परवान्याबद्दल आहे. (मी तसं म्हटलं नव्हतं. तसं नाही, असंही म्हटलं नव्हतं.) झालं, सभेच्या विषयपत्रिकेत ठरावाला कलम तेवीस असा नंबर मिळाला.

आता तुला आपली गावसभा ठाऊक आहेच. नमनालाच घडाभर तेल. कलम नऊ होतं रस्ते सपाट करायच्या नव्या यंत्राचं, त्यावर तीन तास गेले. यंत्र पिवळं घ्यावं की केशरी, यावर दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. नंतर जेवण: गोडसर शिजवलेला राजमा, हॅम आणि मेथडिस्ट चर्चच्या बायकांचे गोड पदार्थ. (यंदा त्यांनी साखरेत हात आखडला होता, कोणी बोललं नाही, मी तुलाच सांगते.) आणि जेवता जेवता बाहेर ऊन पडलं. आलं ना लक्षात? ऊन पडलं की मेपलच्या झाडांचा गोड रस वाहायला लागतो, आणि रस वाहायला लागला की तो उकळून पाक करायला माणूस घरी लागतो. माझ्या ठरावाला पाठिंबा देणारे एकेक करून टोपी घालून निघाले. मी दारात उभी राहून विनवत होते, "थांबा रे, तिथे माणसं मरतायत." तर म्हणतात, "वर्ना, झाडांना लावलेल्या बादल्या उतू जातायत." त्यांचीही चूक नाही, वर्षाचं काम आहे ते. पण मला रडू यायचं बाकी होतं.

कलम तेवीस पुकारल्यावर पहिला उठला मर्टन. म्हणाला, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. टेकडीवरच्या रस्त्यात माझा ट्रक निम्मा चिखलात जातो. तो आधी काढा, मग साल्वादोर." सगळे हसले. मी म्हटलं, "मर्टन, तुझा ट्रक रुतल्यावर तुला निदान खाली उतरून शिव्या तरी देता येतात." त्यावरही हसले, पण जरा कमी.

मग मी रोझिबेलला बोलू द्या म्हणाले. ती मतदार नाही, म्हणून सभेची परवानगी घ्यावी लागली, तीही मिळाली. ती उभी राहिली, कोटाची बटणं लावली आणि म्हणाली, "हेलिकॉप्टरचा आवाज आला की माझी आई कोंबड्या टोपलीखाली झाकते आणि टोपलीवर स्वतः आडवी पडते. मी म्हणते, आई, आधी तू लप. ती म्हणते, मला कोण खाणार आहे? म्हणून मी इथे सांगते, तुम्ही तुमच्या माणसांना सांगा. माझं तिथे कोणी ऐकत नाही." आणि बसली. एवढंच.

मतं मोजायला अध्यक्ष एल्विन स्प्रेगने सगळ्यांना उठवलं: होकारवाले खिडकीकडे, नकारवाले लाकडाच्या स्टोव्हकडे. पाहुण्यांच्या खुर्च्याही स्टोव्हपाशीच. रोझिबेलला काहीच कळेना, ती घाबरून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी जाऊन तिचा हात धरला आणि काय चाललंय ते समजावत बसले. एल्विन काठी दाखवत मोजत गेला. एक्केचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. बरोबरी झाली की ठराव पडतो. मी डोकं धरणार, तोच मर्टनने माझ्या खांद्यावर थोपटलं. "वर्ना, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा शहाण्यांच्या बाजूला आलीस."

क्लेटन, स्टोव्हपाशी बसून माझा ठराव मीच पाडला होता. सह्या माझ्या, भाषण माझं, आणि एक्केचाळिसावा नकारही माझाच. क्षणभर वाटलं, जमीन दुभंगावी. आणि मग आपले बाबा आठवले, जे जेवताना सभेचे नियम म्हणून दाखवायचे: फेरविचार मागायचा हक्क फक्त जिंकलेल्या बाजूला. मी उभी राहिले. "मी फेरविचार मागते."

एल्विन म्हणाला, "तो हरलेल्यांना मागता येत नाही, बाई."

"मी हरले नाही. मी नकारात आहे. तूच मोजलंस."

एल्विनने पुस्तक उघडलं, बंद केलं, चष्मा काढला, पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "बाई बरोबर बोलते." पुन्हा मोजणी पुकारली, आणि मी या गुडघ्यांनी खिडकीपर्यंत पळाले. बेचाळीस विरुद्ध चाळीस. रोझिबेल हसत होती की रडत होती, मला सांगता यायचं नाही, कारण मीही तेच करत होते. बाहेर पडताना मर्टनने तिला दबक्या आवाजात विचारलं, कोंबड्या कुठल्या जातीच्या.

लोक म्हणतात, बेचाळीस माणसांनी काय युद्ध थांबतं? नाही थांबत. पण गप्प बसणाऱ्या बेचाळिसांनी तर मुळीच थांबत नाही. खासदाराच्या टेबलावर एका गावाचा कागद गेला तर बाजूला पडेल. तशी पत्रं रोज येत राहिली तर वाचावी लागतील.

पाठ सांभाळ.

तुझी बहीण,
वर्ना

ता. क. ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. गावाचं नाव खोडून तिथे तुमच्या कामगार संघटनेचं घाल. तू चिटणीस आहेस, सोळाशे सभासद आहेत, पुढची बैठक या महिनाअखेरीस आहे. (जोआनने सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस.) नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पण तुमच्यासारखे हेलिकॉप्टरचे भाग बनवणारे हातच "ही हेलिकॉप्टरं तिकडे पाठवू नका" म्हणाले, तर ते पत्र कोणाला बाजूला टाकता येणार नाही.

ता. क. आणखी एक. माझा भाऊ काय काम करतो, असं रोझिबेलने विचारलं होतं. मी सांगितलं, गाईंचं दूध काढायच्या यंत्रांचे भाग बनवतो. ईस्टरला मी तिला तुमच्याकडे घेऊन येते आहे. जेवायला ती तुझ्या शेजारी बसेल आणि पुन्हा विचारेल. तेव्हा मी तोंड उघडणार नाही, तूच सांग. तोवर ठराव झालेला असला, तर सांगताना तुला तिच्या तोंडाकडे बघता येईल.