उजवं चाक बोटभर मागे

आबा, गेल्या आठवड्यात दुकानात एक जुनी स्पोर्ट्स कार आली. लाल, दोनच सीटची, इतकी बुटकी की लिंबायतच्या आपल्या गल्लीत वळवताना पोट घासलं असतं. चालवत आणली होती पन्नाशीच्या एका गुजराती बाईंनी. नवऱ्याची गाडी, तो दोन वर्षांपूर्वी गेला. मुलीला घेऊन सापुताऱ्याच्या घाटात जायचंय म्हणाल्या आणि चाकांच्या कोनांचे आकडे लिहिलेला, नवऱ्याच्या हातचा कागद पुढे केला. "अलाइनमेंट आ प्रमाणे ज करजो, बेन."

कागद वाचला आणि मला खटकलं. चाक वरून आत किती झुकवायचं, तर डावं अर्धा अंश, उजवं पावणेदोन. धड गाडीला दोन बाजूंना दोन आकडे कोण देतं? मी विचारलं, "गाडी कुठे ठोकली होती?" "क्यारेय नहीं." कधीच नाही, असं त्या फार पटकन म्हणाल्या. मला वाटलं, बाई लपवतायत. गाडी विकायची असेल, घाटाचं नुसतं निमित्त असेल.

मी एकोणीस वर्षांची असताना एका टॅक्सीवाल्याच्या सांगण्यावरून सेटिंग बदललं होतं. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातातला पाना काढून घेतलात. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. अजून दिसतं मला: तुम्ही उकिडवे बसलाय, टायरवरून तळहात फिरवताय आणि माझ्याकडे न बघता म्हणताय, "पहिले टायर देख, मंग मानुसनं आइक."

टायर बघितले. उजव्याची आतली कड गुळगुळीत झाली होती. मशीनमध्ये कागदावरचे आकडे घातले तर पडद्यावर सगळं हिरवं आलं, म्हणजे चाकं मुद्दामच तशी वाकडी बसवलेली होती. त्याने माझा संशय वाढलाच. मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंना दोरा लावून मोजलं. पुढचं उजवं चाक बोटभर मागे होतं. खाली शिरले तर त्या बाजूचा, चाक धरून ठेवणारा आर्म वाकलेला, वर जाड काळा रंग मारलेला. गाडी उजवीकडे ओढत असणार. ती ओढ झाकायला कुणीतरी ते चाक जास्त झुकवलं होतं. साध्या रस्त्यावर सरळ चालली असती. घाटाच्या उतारावर जोरात ब्रेक मारला असता, तर काय झालं असतं सांगता येत नाही.

बाईंना खाली वाकवून दाखवलं. त्यांनी त्या काळ्या रंगावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "मने तो कीधुं हतुं के गाडी पेंटमां आपी छे." पेंटला दिलीय, असं सांगून त्यांच्या नवऱ्याने एकदा महिनाभर गाडी घरी आणली नव्हती. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"आता हा कागद?" त्यांनी विचारलं.

"हा वाकलेल्या गाडीचा आहे," मी म्हणाले. "आर्म बदलू, मग नव्याने ठरवू."

आर्म मिळायला पाच दिवस लागले. ट्रॅकवर पळवणारे झुकाव फार देतात, पण आपल्याला घाट आणि टायर दोन्ही सांभाळायचे होते. म्हणून दोन्ही चाकांना सारखा एक अंश दिला, पुढची टोकं किंचित आत. सांध्यांमधली जुनी रबरं वजनाखाली दबतात, म्हणून बाईंना सीटवर बसवूनच नट आवळले. डुमसच्या रस्त्यावर त्यांनी स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडले. गाडी सरळ गेली. नवऱ्याचा कागद मात्र त्यांनी घडी करून परत पर्समध्ये ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं, आबा? तरी एक लिहून ठेवते. शेवटच्या वर्षी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही जेवायला घरी गेलात की तुम्ही केलेली प्रत्येक गाडी मी गुपचूप मशीनवर चढवून तपासायचे. एकही चुकलेली निघाली नाही. तेही तुम्हाला सांगितलं नाही.