खंडू नाखव्याच्या होडीतली एक्केचाळीस माणसं

भाईंदर पूर्व,
बुधवार

तीर्थरूप आत्माराममामांस,

प्रणितचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? परभणीत थंडी पडली असेल, तेव्हा सकाळचं फिरणं जरा उन्हं वर आल्यावरच करत जा. फोन केला की तुम्ही “मी ठीक आहे, ठेव, बिल वाढतंय” म्हणता (मामा, आता तसं बिल वाढत नाही, हे मी चौथ्यांदा सांगतोय), म्हणून हे पत्र. शिवाय तुम्ही पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत, त्यामुळे माझ्या हातून जे झालंय ते आपल्या सगळ्या गोतावळ्यात फक्त तुम्हालाच कळेल. या पत्रातही चुका असतील. कृपा करून लाल पेनाने खुणा करून परत पाठवू नका. मागच्या वेळी आईने ते पत्र मजल्यावरच्या चारही घरांत दाखवलं.

तर केबिन रोडवर भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही तिथे चौघं. मालक जयकुमारशेठ, स्वभावाने चांगले, पण “हो जायेगा” हा शब्द त्यांनी शोधून काढला असावा असं वाटतं. दिवाळीनंतर त्यांनी पश्चिमेला खाडीकाठच्या मुर्धा गावातल्या एका लहानशा मच्छीमार मंडळाचं काम घेतलं. होडी निघताना नाखव्याने मोबाइलवर होडीचं नाव आणि किती खलाशी आहेत ते भरायचं, परतल्यावर किती माणसं उतरली ते भरायचं. कुणी कमी दिसलं तर मंडळातल्या सगळ्यांना लगेच संदेश जाणार. साधं अ‍ॅप. शेठ म्हणाले, “प्रणित, ये तो तू चार दिन में करेगा.” मी चार दिवसांत केलं. आता वाटतं, आठ दिवस लावले असते तर बरं झालं असतं.

मंडळाच्या सेक्रेटरी वैजयंताताई. मासळी विकतात, हिशोब तोंडी, आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्यासमोर मी उभा राहिलो की मला दहावीचा निकाल लागायचा आहे असं वाटतं.

पहिलं संकट खंडू नाखव्यांच्या होडीमुळे आलं. होडीवर रंगाने लिहिलंय: कृष्णाबाई "बाय" प्रसन्न. कृष्णाबाई म्हणजे नाखव्यांची आई, तिला अख्खा गाव बाय म्हणायचा, आणि रंगाऱ्याने ते बाय दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलं. तुम्ही म्हणाल, बरोबरच टाकलं. पण मामा, संगणक एकमेकांना निरोप पाठवतात त्याची एक ठरलेली मांडणी असते, तिला जेसन म्हणतात (मी घरी रोज जेसनबद्दल कुरकुरतो, तर आई परवा म्हणाली, “तो जेसन तुला एवढा छळतोय तर शेठला सांगत का नाहीस? त्याच्या घरचे बी भले माणसं असतील”). या मांडणीत मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दुहेरी अवतरणचिन्हानेच कळतं. त्यामुळे बिचाऱ्या यंत्राने “कृष्णाबाई” एवढं वाचलं, पुढचं चिन्ह पाहिलं, नाव संपलं असं समजलं आणि मग समोर आलेल्या बायला पाहून ते जे अडलं ते अडलंच. त्या सकाळी मंडळाची पूर्ण यादी कोरी. एकही होडी नाही. वैजयंताताईंचा फोन आला, “आमच्या होड्या बुडवल्यास का रं समद्या?” 

यावर औषध सोपं आहे. आतल्या चिन्हाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे यंत्राला कळतं की हे चिन्ह मजकुरातलं आहे, शेवटचं नाही. मी रेघ दिली. पण घाबरलेला माणूस दार एकदा लावून थांबत नाही, तसं मी ती रेघ देण्याचं काम होडीची नोंद उघडताना आणि जपून ठेवताना अशा दोन्ही ठिकाणी लावलं. परिणामी दर वेळी जुन्या रेघांना नव्या रेघा. एकाच्या तीन, तिनाच्या सात, साताच्या पंधरा. शुक्रवारपर्यंत बायच्या दोन्ही बाजूंना एकतीस-एकतीस रेघा उभ्या. खंडू नाखव्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, “माझ्या बायला काटं फुटलं.”

मी म्हटलं, काका, ती चिन्हंच काढून टाकू, नुसतं कृष्णाबाई बाय लिहू. ते म्हणाले, “त्या टिकल्या काढल्यास तं ती कुनाची बी बाय व्हईल. आमची बाय त्या टिकल्यांच्या मदी हाय.” मी टिकल्या ठेवायचं कबूल केलं. 

म्हणून सोमवारी मी सगळं नव्याने लिहायला बसलो, आणि इथे माझी खरी चूक झाली. पुन्हा काही अडायला नको म्हणून, जे जे दिसेल त्याला मी अवतरणचिन्हांत बसवलं. नाव, तारीख, वेळ, माणसांचा आकडा, सगळं. आता गंमत अशी (मला अजून गंमत वाटत नाही), की चिन्हांबाहेरचा चार हा यंत्रासाठी आकडा असतो आणि चिन्हांतला चार हा मजकूर, म्हणजे एक अक्षर. खंडू नाखव्यांनी खलाशी चार लिहिले. यंत्राने त्यात नाखव्यांचा एक मिळवायचा होता. आकडा असता तर पाच झाले असते. पण अक्षराला अक्षर फक्त चिकटतं. चारपुढे एक. एक्केचाळीस.

आणि तपासून पाहिलंस का, असं तुम्ही विचाराल. पाहिलं, मामा. फक्त नाव तपासलं. बाय टिकल्यांसकट सुरेख दिसत होती, म्हणून मी निश्चिंत झालो आणि डबा खाल्ला.

मंगळवारी दुपारी तीनला खंडू नाखवे परतले आणि त्यांनी इमानदारीत पाच माणसं उतरली असं भरलं. या यंत्राचा स्वभाव असा विचित्र, की मिळवताना ते चिकटवतं, पण वजा करताना मात्र एकदम शहाण्यासारखं वजा करतं. एक्केचाळिसातून पाच गेले छत्तीस. मंडळातल्या शहाऐंशी मोबाइलांवर संदेश: होडी कृष्णाबाई "बाय" प्रसन्न, छत्तीस जण परतलेले नाहीत. पाठोपाठ दुसरी होडी आली, तिच्यात तीन खलाशी होते (तीनपुढे एक, एकतीस; उतरले चार), तिचे सत्तावीस हरवले. पाऊण तासात मुर्ध्याच्या खाडीत त्रेसष्ट माणसं बेपत्ता झाली, मामा, आणि ती सगळी मी एकट्याने बुडवली होती.

माझा मोबाइल टेबलावरून घरंगळेपर्यंत थरथरत होता. शेठ म्हणाले, “फोन बंद कर. बोल सर्वर डाऊन आहे. संध्याकाळपर्यंत सगळे विसरतील.” मला तेव्हा आईचा चेहरा दिसला, तुमचाही दिसला (तुम्ही चष्म्यावरून बघत होता), आणि मी उठलो. अ‍ॅप बंद केलं, जिना उतरलो, रेल्वे फाटकापलीकडे पश्चिमेला गेलो आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, “भैया, जल्दी, मुर्धा.” तो म्हणाला, “उधर सुना साठ लोग डूब गए.” मी म्हटलं, “और जल्दी.”

धक्क्यावर दीड-दोनशे माणसं. बायका कामं टाकून आलेल्या, कुणाच्या हाताला मासळीचे खवले, कुणाच्या हाताला पीठ. मध्यभागी खंडू नाखवे, आणि त्यांची बायको त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती की बाकीचे कुठे आहेत. ते ओरडत होते, “अगो, एक्केचाळीस मानसं बसवली तं मी कुटं ऱ्हाऊ? डोलकाठीवर?” मी पुढे झालो. म्हटलं, “ताई, चूक माझी आहे. कुणी हरवलं नाही. बेरीज चुकली.” दोनशे माणसं माझ्याकडे वळली. मामा, मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला पोहता येत नाही याचंच दुःख झालं. समोरून पळायचा रस्ता नव्हता आणि मागे खाडी होती.

वैजयंताताई काहीतरी बोलणार इतक्यात कडेला उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, “समद्यांची आली. आमची न्हाय आली.” ती क्षितिजा, शिवाची बायको. शिवा लहान होडी घेऊन मेहुण्यासोबत पहाटे गेला होता, दुपारी दोनला यायचा. माझ्या अ‍ॅपमध्ये त्याचं नावच नव्हतं, कारण त्याने नाव नोंदवायलाच नकार दिला होता. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढत होतं.  खंडू नाखव्यांनी पुन्हा इंजिन चालू केलं, मागून आणखी तीन होड्या निघाल्या, आणि वैजयंताताईंनी माझ्या दंडाला धरून मला पहिल्या होडीत ढकललं. “चल. तुजी मानसं शोधाया.”

पुढचा सव्वा तास मी लॅपटॉपची पिशवी डोक्यावर धरून (का, ते विचारू नका) जाळ्यांच्या ढिगावर बसलो होतो. दोनदा उलटी झाली. लाटेगणिक मी मनात मोजत होतो, शिवा एक, मेहुणा एक, दोन. अकरा नाही. दोन. खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या पुढे, ते दिसले. इंजिन बंद पडलेलं, नांगराची दोरी तुटलेली, होडी संथपणे समुद्राकडे चाललेली, मोबाइल पाण्यात गेलेला. शिवा उभा राहून शर्ट हलवत होता. आम्ही जवळ गेल्यावर त्याने चार होड्या पाहिल्या आणि पहिलं वाक्य बोलला, “येवढी मानसं कशाला आली?” खंडू नाखवे म्हणाले, “येवढीच? तुला ठाव न्हाय आज किती हरवलेत.”

धक्क्यावर क्षितिजाने शिवाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती रडली.

मी परत येऊन रात्रीच्या जेवणाआधी आकड्याभोवतीची अवतरणचिन्हं काढली. एक मिनिटाचं काम होतं.

आता माझी अडचण ऐका. जयकुमारशेठनी आज सकाळीच फ्लेक्स छापून घेतला: आमच्या अ‍ॅपने वाचवले दोन जीव. त्यावर माझा फोटो, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, ज्यात मी संशयित दिसतो. मंडळाने रविवारी सत्कार ठेवलाय, शाल आणि श्रीफळ. शेठ म्हणतात, “तू फक्त बोल, एआय आहे, त्याला धोका आधीच कळतो.” मामा, त्याला पाच कळत नाहीत, धोका काय कळणार? मी ती शाल घेतली तर उद्या कुणीतरी या अ‍ॅपवर विसंबून निवांत बसेल. आणि खरं सांगितलं तर नोकरीचं काय, आणि दोनशे माणसांचं काय, ज्यांना मी एक दुपारभर जिवंतपणी सुतकात बसवलं? तुम्ही दर अंकात स्वतःच्या चुकांचं शुद्धिपत्र छापायला लावायचात, मालक नको म्हणाले तरी. मला तसं चार ओळींचं शुद्धिपत्र लिहून पाठवा, जे मी उभा राहून वाचेन. तुमचं उत्तर रविवारपर्यंत पोचणार नाही हे मला कळतं. पण हे लिहिल्याशिवाय घास उतरत नव्हता.

आईचा तुम्हाला जय भीम. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा,
प्रणित

ता. क. : आज रविवार. पत्र अजून माझ्याकडेच आहे, कारण मी ते पुन्हा पुन्हा तपासत बसलो. सत्कार झाला. शेठ पहिल्या रांगेत होते. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, चिन्हं, चार आणि एक, सगळं. म्हटलं, शिवाला अ‍ॅपने शोधलं नाही, त्याला क्षितिजावहिनींनी शोधलं. कुणीच दचकलं नाही. वैजयंताताई म्हणाल्या, “आमाला ठाव हाय रं. खंडूच्या होडीत एक्केचाळीस मानसं मावतील असं कुनाला वाटलं व्हतं? पन चुकी झाल्यावर फोन बंद करून बसनारी लय बगितली. तू रिक्षा करून आलास. शाल त्याची हाय.” शेठ टाळ्या वाजवत होते. नोकरी आहे. फ्लेक्सवरून ती ओळ काढलीय, फोटो मात्र तसाच आहे.

ता. क. २ : आता या पत्राचं खरं कारण. आईच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, डॉक्टर म्हणतात आता थांबू नका. दोनदा ऑपरेशनची वेळ घेतली. दोन्ही वेळा ती हिरवा झगा घालून बाकावर बसली आणि नाव पुकारल्यावर उठून घरी आली. “दादा जवळ असता तर गेले असते,” एवढंच म्हणते, आणि तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास म्हणून. (हे पत्र तिने माझ्याकडून वाचून घेतलं. ही ओळ मी वाचली नाही. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणूनच हे जमलं.) तिच्या डोळ्याची जेवढी भीती वाटते, तेवढी मला त्या होडीतही वाटली नव्हती. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची, शनिवारची वेळ घेतलीय. तुमचं त्याआधीच्या गुरुवारचं तिकीट सोबत जोडलंय, न विचारता काढलं, खालचा बर्थ आहे. कल्याणला उतरवून घ्यायला मी येईन.

ता. क. ३ : आईला सांगितलंय की मंडळाने तुम्हाला सगळ्या होड्यांची नावं तपासायला बोलावलंय. तिने ते लगेच खरं मानलं आणि तुमच्यासाठी गादी उन्हात टाकलीय. तेव्हा येताना लाल पेन आणा, आणि तिच्यासमोर तरी ते खिशाला लावून बसा.