यमाजी विचारून गेला होता

बेंबळी, मार्च १९६५, बुधवार संध्याकाळ

सकाळी शाळेमागं पर्जन्यमापक बघत होतो, तेव्हा यमाजी धनगर कुंपणाशी थांबला. "मास्तर, आभाळाचं लक्षण बरं दिसत न्हाय. मेंढरं माळावर न्हेऊ का?"

मी काय सांगणार? म्हटलं, "बाबा, पडलेला पाऊस मोजायचा एवढंच माझं काम. पडणार का, ते मला कळत नाही."

तो हसून गेला. बायको ठकूबाई मागोमाग.

दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. माळावर आडोसा कुठला? मेंढरं मेली ती मेलीच, पण कोकराला पोटाशी धरून बसलेल्या ठकूबाईच्या डोक्याला मार लागला. बैलगाडीतून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं, तेव्हाही शुद्धीवर नव्हती. अजून निरोप नाही.

न्हेऊ का, असं त्यानं विचारलं होतं. नको म्हणायला माझं काय जात होतं? पण कशाच्या आधारावर म्हणणार?

गेल्या महिन्यात पुण्याच्या हवामान खात्याचे साहेब आले होते. म्हणाले, परदेशात गणकयंत्रं हवेची गणितं करून उद्याचं हवामान आधी सांगतात. आपल्याकडंही होईल, त्याला गावोगावचे आकडे लागतील, तुमचेसुद्धा. किती फुशारलो होतो मी. होईल तेव्हा होईल. यमाजीनं आज विचारलं होतं.

मापकातल्या गारा वितळल्यावर पाणी मोजलं, पुण्याला पाठवायच्या कार्डावर आकडा लिहिला. शेऱ्यात 'गारपीट' लिहिलं. पुढं ठकूबाईचं नाव लिहिलं, मग खोडलं. खाडाखोड चालत नाही, म्हणून नवं कार्ड घेतलं आणि नुसता आकडा लिहिला.