अर्जातली पहिली ओळ

मंगळवार, अकरा तारीख, दुपार

लाडक्या भिंगरीस,

आजीचा गालगुच्चा आणि पोटभर आशीर्वाद.

शुक्रवारी तुझा फोन आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, गुडघे दुखतात तरी. एका जागेला दीडशे अर्ज आणि त्यातून माझी नात! शेजारणीला सांगितलं, "नात डॉक्टर होणार." ती लगेच म्हणाली, "मग माझी पाठ बघायला सांगा की." मी म्हटलं, "अगं बाई, माणसांची नव्हे, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमची. चार वर्षं शिकायचं आणि वर पगार घ्यायचा." तिचं तोंड एवढंसं झालं. तिचा नातू अजून बारावीतच घुटमळतोय.

तू समजावलेलं माझ्या चौथी पास डोक्यात बरोबर बसलंय. शर्टाच्या कारखान्यात बावीस वर्षं मी तपासायलाच होते. शंभरातले दहा उलटे करून शिवण ओढून बघायची, बाकीचे रामभरोसे. तू म्हणालीस, "आजी, आमच्यात तसं चालत नाही. प्रोग्रॅम कधीच चुकणार नाही, हे गणितासारखं सिद्ध करायचं." मी सहज विचारलं, "आणि सुरुवातीलाच खोटं धरलं असेल तर?" तू हसलीस. "तर पुढचं सगळं बरोबर असूनही वाया."

तेव्हापासून हे पत्र मनातल्या मनात लिहितेय.

फोनवर हे जमलं नसतं, फोनवर तू मधे बोलतेस. त्याच दिवशी तू मला अर्ज वाचून दाखवलास. पहिलीच ओळ, 'माझ्या आईला औषध देणारी मशीन बंद पडली आणि ती वाजलीसुद्धा नाही.' तुझ्या प्रोफेसर बाईंना तीच ओळ भिडली म्हणे.

भिंगरे, ती वाजली होती.

तू खाली चहा आणायला गेली होतीस. तीन दिवस कण्हून कण्हून माझ्या लेकीचा तेव्हा कुठे डोळा लागला होता. मशीन पीं पीं करायला लागली. नर्सबाई तिला गप्प कशी करते ते मी पाहून ठेवलं होतं. दाबलं बटण. वाटलं, औषध चालूच आहे. लेकीच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिले, केवढी शहाणी मी! ती त्या झोपेतच गेली. तू आलीस आणि किंचाळलीस, "आजी, ही वाजली नाही?" मी म्हटलं, "नाही गं."

दवाखान्याने मशीन उचलून नेली, बिघाड म्हणून कागद दिला, आणि माझं खोटं पक्कं झालं. नऊ वर्षं तू त्या मशीनवर डूख धरून शिकलीस आणि मी तुझे डबे भरत राहिले.

आता म्हणशील, आजीनेच घात केला. म्हण. मी रोज म्हणते. पण कारखान्यातली म्हणून एक विचारते. एका अडाणी बाईने बोट लावलं की मशीन गप्प, आणि औषध बंद असूनही पुन्हा वाजत नाही, ही शिवण कुणी ओढून पाहिली होती का? स्वतःला सोडवायला म्हणत नाही. तुझ्या कामाचं आहे म्हणून लिहिलं.

जागा सोडू नकोस. ओळ बदल. बाईंना हे पत्र दाखव, अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी.

निघण्याआधी घरी येशील का, ते विचारत नाही. दार नुसतं लोटलेलं असतं.

तुझ्या आईची आई