रोडग्याची टोपली कोणाच्या हाती

२ मार्च, रविवार

मोतीराम माणूस नाही, दगड हाय! अठी लिहून ठेवतो, कारण त्याच्या तोंडावर म्हणायची माही हिंमत नाही.

आज मारुतीच्या मंदिरात बैठक झाली. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात गोवऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या रोडग्याची टोपली यंदा कोणाच्या हाती, एवढाच विषय. दरसाल मोतीरामच वाढते. पुंजाजी आता मंदिराचं अध्यक्षपद सोडणार, अन् टोपलीवाला तोच पुढचा अध्यक्ष, हे धामणगावात शेंबड्या पोरालेही माहीत हाय. गेल्या साली या मोतीरामनं सख्ख्या मामाले भर पंगतीत ऐकवलं, "दुसरा रोडगा पुढच्या वर्षी!" सारं गाव त्याले शिव्या देते, अन् सारं गाव त्यालेच निवडते. काऊन बुवा?

यंदा मी उभा राह्यलो. गजेंद्र टेलर! घरी सांगतलं तं शालू पोट धरून हासली. म्हणे, "तुम्ही? तुम्हाले तं गिऱ्हाइकाले 'उद्या या' म्हणता येत नाही!" बायको हाय का वैरीण!

पुंजाजी म्हणे, "माह्या नातवाचं बारसं हाय. तठी बुंदी वाढ. मंग पाहू."

१६ मार्च

बारसं झालं. माही अब्रूही गेली!

सुरुवात झकास. मले लोकायचे चेहरे वाचता येतात ना — कोणाले पाहिजे अन् कोण लाजून राह्यलं, लगेच समजते. दोस्त भागवतले तीन डाव वाढली. एक म्हातारी नुसती वर पाहून हासली, तिच्या पत्रावळीवर डोंगरच केला. "वाढावं तं गजेंद्रनं!" अशी आरोळी उठली. छाती फुगली माही.

तिसऱ्या पंगतीत बाळाची आत्या बसली अन् बुंदी खल्लास.

आत्या! जिनं घंटाभर आधी बाळाच्या कानात नाव सांगतलं, ती! बाई ताडकन उठली — "मी ठेवलेलं नाव मी वापस घेतो!" पुंजाजी घामानं ओले. बाळ रडे, बाळाची माय रडे. मीही रडायच्याच बेतात होतो.

मंग मोतीराम जेवता जेवता उठला, सरळ सैपाकघरात गेला. रांधणाऱ्या बायाईनं स्वतःसाठी बुंदीचा एक गंज झाकून ठेवला होता. त्या म्हणे, "भाऊ, हे आमच्या वाट्याचं हाय." हा म्हणे, "होतं." अन् घेऊन आला. आत्या जेवली. नाव वाचलं.

१७ मार्च

त्या गंजात शालूचाही वाटा होता. ते मले आज समजलं. सकाळपासून चहा नाही.

२० मार्च

फैसला झाला. मोतीराम!

ठीक हाय, पण भागवतनंही त्याच्याचसाठी हात वर करावा? तीन डाव बुंदी खाल्ली ना बे माह्या हातची! बाहेर गाठलंच त्याले. तो म्हणे, "राग नको मानू. पहिल्या पंगतीत नंबर लागला तं तुह्यासारखा वाढपी नाही. पण तिसऱ्यात लागला तं? तवा मोतीरामच पाहिजे."

अन् पुंजाजी खांद्यावर हात ठेवून म्हणे, "सोन्यासारखा माणूस हायस तू, गजेंद्र. म्हणून तं नाही."

घरी येऊन रडलो. वही, तुह्यापासून काय लपवू?

मशीनवर बसून विचार केला. हे दगड काही आपल्या पायानं वर चढत नाहीत. आपणच उचलून ठेवतो. आपल्याले 'नाही' म्हणायची लाज वाटते, मंग ज्याले वाटत नाही त्याच्या हाती टोपली देतो, अन् शिव्या द्यायले आपण मोकळे!

हे शालूले सांगतलं. ती म्हणे, "बरं. बाजूच्या ताईचा ब्लाऊज झाला का?"

२३ मार्च

मोतीराम दुकानात आला, सदऱ्याचं बटन तुटलं होतं. विचारूनच टाकलं, "भाऊ, एवढ्या लोकाईले 'नाही' कसं म्हणता तुम्ही?"

म्हणे, "तोंडाकडे पाहायचंच नाही. पत्रावळीकडे पाहायचं."

"पण वाईट नाही वाटत?"

म्हणे, "बटन कधी लावशीन?"

३० मार्च, पाडवा

प्रॅक्टिस सुरू! गिऱ्हाइकाच्या फक्त कापडाकडे पाहायचं. भागवत सकाळीच आला — सदरा आजच पाहिजे म्हणे. कापडाकडे पाह्यलं अन् म्हणलं, "नाही होत." तो गेला. मंग मी त्याच्या मागं बाजारापर्यंत पळालो अन् दुपारी शिवून देलाच.

६ एप्रिल

दोघायले नाही म्हणलं. मागं पळालो नाही. फक्त दारापर्यंत गेलो.

९ एप्रिल

मोतीरामच्या बायकोले, अन्नपूर्णाबाईले, बुलढाण्याले दवाखान्यात भरती केलं. तोही तठीच हाय. वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. अन् तेवढ्यात पुंजाजी दारात — "टोपली तूच धर आता. दुसरं हाय कोण?" माह्या तोंडावर हासू आलं, ते मी खोकून लपवलं.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

काय सांगू! पंगतीवर पंगत उठली अन् एकही माणूस उपाशी नाही. तोंडं पाह्यलीच नाहीत मी. नुसत्या पत्रावळी! भागवतची पत्रावळ म्हणे, "अजून एक." म्हणलं, "पुढच्या वर्षी." पंगतीत हशा पिकला. पुंजाजीनं मान डोलावली.

शेवटची पंगत बसली अन् बुलढाण्याच्या एसटीनं मोतीराम उतरला. दाढी वाढलेली. समोर डबा धरला. "अन्नपूर्णाले रोडगा खावा वाटून राह्यला. दोन दे बांधून."

मी डब्याकडे पाह्यलं. "डब्यात भेटत नाही, भाऊ. बसून जेवा. नियम तुमचाच हाय."

"गजेंद्र, ती चार दिवसाची जेवली नाही रे."

"मागं लोक हायेत," म्हणलं मी. मागं कोणीच नव्हतं.

त्यानं डब्याचं झाकण लावलं अन् गेला. "शाब्बास!" कोणीतरी ओरडलं. पुंजाजीनं माह्या कपाळाले गुलाल लावला. शालू पंगतीत बसली होती. ती उठली. आपल्या पत्रावळीवरचे रोडगे पदरात घेतले अन् स्टँडकडे पळत गेली.

संध्याकाळी उरलेले रोडगे गाईढोराईले टाकले. बरेच होते.

१३ एप्रिल

अध्यक्ष झालो. बिनविरोध.

सकाळपासून वाट पाहून राह्यलो — आता वाईट वाटन, मंग वाईट वाटन. अजून वाटलं नाही.