ये हं चहाला

प्रिय ताई,

उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत महिना गेला. हे पत्र टाकणारच नाहीये, म्हणून खरं लिहितो: फोनवर सांगतो ते मित्र नाहीतच. दुमजली बसमध्ये वर, पुढच्या सीटवर व्हिनेगर मारलेले चिप्स खाताना मात्र मी लीड्सचा राजा असतो. काय सांगत होतो? हां, इथे सगळे "ये हं चहाला" म्हणतात. वर्गातल्या ग्रॅहमकडे मी खरंच गेलो, तर बिचारा दारातच गोरामोरा झाला. ते नुसतं म्हणायचं असतं. परवा शेजारच्या विनिफ्रेडआजींना मीही नुसतंच म्हणालो.

थांब, दार वाजलं.

"काय रे, आधण ठेवलंस की नुसत्याच गप्पा?" आजी केक घेऊन उभ्या! आता दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे कुठे टाकू?

तुझा,
सुहृद