नोंदवहीतली पहिली ओळ

प्रिय कलमबाई,

कॉलेजात हे नाव मीच ठेवलं होतं, आता न्यायमूर्ती झालीस म्हणून ते मागे घेणार नाही. आज मोठ्या साहेबांना दवाखान्यात भेटून आलो. उजवा हात हलत नाही, पण तोंड शाबूत आहे. औषधाच्या वेळेवरून नर्सची उलटतपासणी चालली होती. कामावर यायला मात्र चार महिने तरी लागतील. तोवर मुख्य न्यायमूर्तींची खुर्ची कोणी सांभाळायची, याचं चर्वितचर्वण बाररूममध्ये चालू आहे, आणि खरं तर त्यात चघळण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षांचा सरळ प्रघात आहे, की उरलेल्यांत जो सेवेने ज्येष्ठ, तो हंगामी मुख्य न्यायमूर्ती. कोणाची मर्जी नाही, कोणाचा वशिला नाही. ज्येष्ठता धरायची शपथेच्या क्रमाने. आपण दोघांनी शपथ घेतली एकाच दिवशी, आणि नोंदवहीत पहिल्या ओळीवर नाव आहे माझं. म्हणून कायदा खात्याने माझ्याच नावाची टिपणी केली.

त्या सकाळला सतरा वर्षं झाली. मी गळ्याचा पांढरा बँड घरी विसरलो होतो आणि ग्रंथपालाकडून उसना आणायला धावलो होतो. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती घड्याळाचे पक्के. त्यांनी माझी वाट न पाहता तुला पुढे बोलावलं. मी धापा टाकत दारात पोचलो तेव्हा तुझं शेवटचं वाक्य चालू होतं. पण आपल्या हेडक्लार्कला घाईत बिघडलेलं अक्षर खपायचं नाही, म्हणून त्याने दोन्ही नोंदी आदल्या दिवशीच वळणदार अक्षरात लिहून ठेवल्या होत्या. आधी मी, कारण वयाने आठ महिने मोठा, आणि मग तू. त्या देखण्या पानावर खाडाखोड करणं त्याच्या जिवावर आलं, आणि आपणही आपापल्या नावापुढे निमूट सह्या केल्या. चहा घेताना त्यावर हसलोसुद्धा. त्या खोलीत तेव्हा जे होते, त्यांतले आता आपण दोघंच हयात आहोत.

तू गप्प का, हे मला कळतं. बोललीस तर खुर्चीसाठी भांडते म्हणतील, आणि हातात कागद नाही. काल जिन्यात भेटलीस, अभिनंदन केलंस आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलीस. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो. पट्टा नीटच होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आज सकाळी मी प्रतिज्ञापत्र करून खात्यात आणि रजिस्ट्रारकडे दिलं. शपथ आधी तू घेतलीस, नोंद उलटी आहे, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सचिवांनी समजूत घातली, की चारच महिन्यांचा तर प्रश्न आहे, कशाला जुनं उकरता. मी म्हटलं, चार दिवसांचा असता तरी उकरलं असतं. जन्मभर लोकांच्या साक्षी तपासल्यात, माझी साक्ष कोणी मोडून दाखवावीच. खात्याने दुपारी टिपणी बदलली. उद्या अकराला शपथ तू घेणार आहेस, आणि हे काम तू माझ्याहून चांगलं करशील. हे तोंडदेखलं म्हणत नाही.

प्रतिज्ञापत्रात एक गोष्ट मात्र नाही, कारण ती कायद्याच्या कामाची नाही. साहेब शनिवारी पडले आणि आज मंगळवार. मधले दिवस मी काही विसरलो नव्हतो. मला ती खुर्ची हवी होती, आणि तू बोलणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या चांगुलपणावर मी तीन दिवस काढले. काल रात्री हिला सगळं सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, की मग इतके दिवस कशाची वाट पाहत होतात. उद्या सगळे मला मनाचा मोठा म्हणतील आणि तूही म्हणशील, म्हणून त्याआधी हे माझ्याच हातचं वाच. शपथेनंतर तुझ्या शेजारची खुर्ची नियमाने माझी आहे. तू नको म्हणालीस, तर मी मागे उभा राहीन.

तुझाच,
बाकावरचा शेजारी